आई थांबायला शिकली ते वर्ष

आमच्या घरात प्रश्न विचारायचं काम आईकडे होतं आणि उत्तर द्यायचंही. "भाजीत मीठ कमी झालं का? झालंच असन." "छत्री घेतली का? नाहीच घेतली." "आज उशीर होईन का तुम्हाले? होईनच, आज मालगाडी आहे." हे सगळं ती चुलीसमोरून मान न वळवता एका दमात म्हणायची, आणि ज्यांना विचारलेलं असायचं ते बाबा तोंड उघडून पुन्हा मिटायचे. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. दिवसभर पेट्या-पोती तोलून त्यांना सवयच लागली होती की काय कोण जाणे, पण ते शब्दही आधी हातात धरून बघायचे आणि मगच पुढे द्यायचे. सकाळी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ते कधीकधी संध्याकाळी पायातले जोडे काढताना देत. तोपर्यंत आईला आपण काय विचारलं होतं तेच आठवत नसे. मग ती म्हणायची, "हे काय मधातच?"

मी बाबांवर गेले. हे आज सांगताना मला बरं वाटतं, पण तेव्हा ते घरातलं दुखणं होतं. बोलायला मी उशिरा लागले आणि लागल्यावरही बेताचंच बोलायचे. कोणी काही विचारलं की माझ्या डोक्यात आधी ती गोष्ट यायची, मग तिच्या आजूबाजूच्या चार गोष्टी, मग त्यातली कोणती सांगावी याचा विचार, आणि एवढं होईतो विचारणारा निघून गेलेला असायचा. नागपूरची मावशी आली की म्हणायची, "पोट्टी चांगली आहे, पण बॅटरी कमी आहे बाप्पा." आई हसायची. ते हसू मला आवडायचं नाही, आणि आईलाही आवडत नसावं, कारण मावशी गेल्यावर ती भांडी जरा जोरातच घासायची.

घर आमचं मराठी, पण गाव हिंदी मुलखातलं, आणि आई तिथल्या पुरानी बस्तीतल्या मुलींच्या हिंदी शाळेत शिकवायची. आम्ही राहायचो त्या गल्लीतून निघालं की एका देवळाची घंटा मागे पडायच्या आत दुसऱ्या देवळाची ऐकू यायची, आणि तिसरी ऐकू आली की शाळेचं फाटक. फाटकापर्यंत ती माझी आई, फाटकाच्या आत ती "बहनजी" आणि मी "आठ नंबर". सातवीचा वर्ग तिच्याकडे होता, विज्ञान आणि गणितही तीच शिकवायची, आणि त्या वर्षी मी सातवीत होते. पहिल्याच दिवशी घरून निघताना तिने सांगून टाकलं, "वर्गात मी तुले काही विचारणार नाही. बरोबर सांगितलं तं लोक म्हणतीन, घरून पढवून आणलं. चुकलं तं म्हणतीन, दिव्याखाली अंधार. त्यापेक्षा विचारतच नाही." मला ते पटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच झालं.

आईच्या तासाची सगळ्या पाऱ्यात कीर्ती होती. पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला. तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटं सवाल-जवाब. "पत्ती हरी क्यों? बताओ, बताओ. तुम? बैठो. तुम? नहीं? तुम. शाबाश. चुंबक के कितने ध्रुव? तुम. बैठो. तुम." खडूचं टोक बोटासारखं फिरायचं. पुढच्या बाकावरच्या चार मुली टपाटप उत्तरं द्यायच्या, बाकीच्या उठायच्या आणि बसायच्या. व्हरांड्यातून जाणाऱ्या पालकांना वाटायचं, काय वर्ग आहे! काय तयारी आहे! मला बहुतेक उत्तरं यायची, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडाशी येई तेव्हा तिसरा किंवा चौथा प्रश्न चाललेला असे. मासिक परीक्षाही त्याच चालीची. बहनजी प्रश्न बोलणार, मुली पाटीवर उत्तर लिहिणार, आणि "पट्टी उलटी" म्हटलं की पाटी उलटी. माझ्या पाटीवर अर्धी वाक्यं राहायची.

हे सगळं चाललं असतं, पण आमच्या शाळेत आठवीला वर्ग दोन व्हायचे. एकात विज्ञान आणि गणित, दुसऱ्यात गृहविज्ञान, शिलाई आणि घरापुरता हिशेब. कोणती मुलगी कुठे जाणार याची यादी सातवीच्या बहनजीने वार्षिक परीक्षेच्या आधी करून बडी बहनजींकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे, द्यायची. शिलाईत वाईट काही नाही. मी आजही परकराला नेफा हातानेच घालते. पण त्या वर्गातून मॅट्रिकला विज्ञान मिळत नसे, आणि मला विज्ञान हवं होतं. का, तर शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. वर्षातून एकदा सातवीच्या मुलींना त्यातून कांद्याचा पापुद्रा दाखवायचे, प्रत्येकीला डोळा लावून 'एक-दो-तीन' म्हणेपर्यंत. मी पाहिलं तेव्हा आत विटांची भिंत रचल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि नीट पाहणार तोच मागून धक्का आला. आठवीत विज्ञानवाल्या मुलींना तो पूर्ण तासभर मिळायचा. मला तो तासभर हवा होता, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

थंडी सुरू होता होता देवकी दीदी आमच्याकडे राहायला आली. धमतरीच्या पलीकडच्या गावची, घरातली पहिली एम. ए. झालेली मुलगी. विश्वविद्यालयात ती शिक्षणाच्या मानसशास्त्रावर संशोधन करत होती आणि त्यासाठी तिला आमच्या शाळेत काही आठवडे बसायची परवानगी मिळाली होती. एकट्या मुलीने राहायचं कुठे, म्हणून बडी बहनजींनी आईला विचारलं, आणि आईने नेहमीप्रमाणे प्रश्न संपायच्या आत हो म्हटलं. समोरची खोली तिला दिली. सकाळी ती रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, ज्याला तिकडे बासी म्हणतात, मीठ, कांदा आणि हिरवी मिरची लावून खायची. आईचे डोळे पांढरे झाले. "अवं, थंडीत शिळा भात? घसा बसन तुझा." देवकी म्हणायची, "हव दीदी, बसेगा तो बसेगा," आणि खायची. महिन्याभरात आईची स्वतःची वाटी बासीसाठी पुढे आली होती. बदल्यात देवकी आमच्या पातोडीच्या रश्श्यावर तुटून पडायची, नाकातून पाणी येईतो, आणि बाबांकडे बघून म्हणायची, "भैया, ये दाल है कि सज़ा?" बाबा दोन घास खाऊन झाल्यावर हसायचे.

वर्गात ती सर्वांत मागे, मोडक्या बाकावर बसायची. मांडीवर वही, आणि पदराआड गळ्यात खेळाच्या शर्यतीचं स्टॉपवॉच. विश्वविद्यालयाच्या क्रीडा विभागातून मागून आणलेलं. अधूनमधून त्याचा 'टिक' आवाज यायचा, कधी लागोपाठ दोन. आम्हाला वाटायचं दीदी आमची बुद्धी मोजते आहे, आणि आम्ही त्या दिवसांत वेण्या अगदी घट्ट घालून यायचो. ती काय मोजते हे बहनजींनाही ठाऊक नव्हतं. आईने विचारलं तेव्हा तिने हात जोडले. "दीदी, अभी मत पूछिए. पहले बता दूँगी तो सब सँभलकर चलेंगे, फिर मैं नापूँगी क्या?" आई म्हणाली, "नाप बाई, शितावरून भाताची परीक्षा. माझा वर्ग पाहिला की बाकी शाळा पाहायची गरज नाही." ते खरंच ठरलं, पण तिला वाटलं होतं तसं नाही.

आता मी हे लिहिते आहे तेव्हा नात खालच्या खोलीत मोबाइलवर गृहपाठ करते आहे. मागच्या महिन्यात तिच्या शाळेच्या पालकसभेला मी गेले होते, कारण तिचा बाप सिलतऱ्याच्या कारखान्यातून वेळेत सुटत नाही. तिथे कोट घातलेल्या एका तरुणाने पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं की शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर थांबावं. सगळे पालक माना डोलवत होते. मला हसू आवरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ आंटी?" मी म्हटलं, "कुछ नहीं, ये बात हमारे घर में खाना खाते-खाते पता चली थी, और उस दिन किसी ने पूरा खाना नहीं खाया."

तर ते जेवण. पण त्याआधी यादी. एका संध्याकाळी आईने मला तिच्या शाळेच्या झोळीतून चष्मा आणायला सांगितला. चष्म्याच्या खाली घडी घातलेला कागद होता आणि वर लिहिलं होतं 'गृहविज्ञान'. खाली चौदा नावं. माझं नाव मधोमध, आईच्या त्या सुंदर, वळणदार अक्षरात, पूर्ण, आडनावासकट. इतर मुलींच्या नावांइतकंच नीट. खाडाखोड नाही, अडखळल्याची खूण नाही. मला रडू आलं नाही. मी चष्मा नेऊन दिला. आई म्हणाली, "एवढा वेळ? सापडला नसन," आणि पुस्तक उघडून बसली.

मी देवकीच्या खोलीत जाऊन दारापाशी उभी राहिले. तिने विचारलं, "का होगे?" म्हणजे काय झालं. आणि ती थांबली. आधी माझ्या लक्षातच आलं नाही की ती थांबली आहे. ती वही मिटून माझ्याकडे पाहत बसली, भुवया न उचलता, 'बोल ना' न म्हणता. बाहेरून इंजिनाची शिट्टी आली, शेजारच्या घरात कोणीतरी कढई आपटली, आणि मग मी सगळं सांगितलं. कांद्याचा पापुद्रा, विटा, यादी, आठ नंबर. इतकं लांब मी त्याआधी कोणाशी बोलले नव्हते. देवकीचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मेरा काम अभी अधूरा है. अभी बोलना नहीं चाहिए," आणि तरी उठून स्वयंपाकघरात गेली.

ताटं वाढलेली होती. देवकीने घास हातात धरूनच सांगितलं की ती घड्याळाने दोन गोष्टी मोजते. प्रश्न विचारून झाल्यावर बहनजी किती वेळ थांबते, आणि कोणासाठी थांबते. आई म्हणाली, "मग?" देवकी म्हणाली, "आप नहीं रुकतीं, दीदी. पूरे स्कूल में सबसे कम आप रुकती हैं." आईचा हात भातावरच राहिला. मग तिचा आवाज चढला. "बावीस वर्षं झाली शिकवून राहिली मी. कलेक्टरची पोरगी माझ्या हाताखालून गेली. तेरी घड़ी मुझे सिखाएगी? थांबत बसली तं कोर्स कधी होईन? ज्याले येते त्याले येते, ज्याले नाही त्याले दिवसभर थांबून येणार आहे का?" देवकी खाली मान घालून बसली. घरची पाहुणी, आईच्या हातचं खाणारी, आणि तिच्याच ताटासमोर हे बोललेली. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता ही उद्या ट्रंक उचलून जाणार आणि ते माझ्यामुळे.

तेवढ्यात बाबा बोलले. "तुझ्या मामांनी मले विचारलं होतं," ते आईला म्हणाले आणि पाणी प्यायले. आम्ही तिघी त्यांच्याकडे पाहत राहिलो. "लग्नाच्या वेळी. मुलगी पसंत आहे का म्हणून. मी तोंड उघडलं, तं त्यांनी पेढाच कोंबला त्यात. बावीस वर्षं होऊन राहिली, माझं उत्तर अजून आतच आहे." आई रागाच्या भरात होती तरी तिच्या तोंडून हसू निसटलं, आणि ते निसटलं म्हणून ती आणखी चिडली. "मग काय होतं उत्तर?" तिने विचारलं, आणि लगेच, "नाहीच असन!" बाबांनी हात वर केला. "पाहा. पुन्हा." आई ताट सारून उठली.

दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कोणी बोललं नाही. रविवारी सकाळी आई अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर उन्हात बसली आणि देवकीला म्हणाली, "दाखव तुझी वही. माझं पान." मी शेजारी तिवऱ्याची भाजी खुडत होते. तिवरा म्हणजे लाखोळी, तिचे कोवळे शेंडे आमच्याकडे थंडीत खातात. देवकीने वही उघडली. एकेका मुलीच्या नंबरासमोर एकेक ओळ होती, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला शाईची एक छोटी रेघ. थांबणं जितकं लांब तितकी रेघ लांब. आईने बोट ठेवून ओळी वाचल्या. पुढच्या बाकावरच्या चौघींसमोर रेघा जरा तरी लांब होत्या. मग बोट यादीतल्या मुलींवर आलं. तिथे रेघा नव्हत्याच म्हणा, ठिपके होते. आईचं बोट हळूहळू वर सरकलं आणि आठ नंबरापाशी आलं. ती ओळ कोरी होती. इतक्या आठवड्यांत एकही रेघ नाही, एक ठिपकासुद्धा नाही. आईने त्या कोऱ्या ओळीवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग देवकीला नाही, मला नाही, विहिरीला विचारावं तसं म्हणाली, "मग मी हिचं नाव लिहिलं कशावरून?"

त्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही. माझ्या आठवणीत आईने विचारून मोकळा सोडलेला तो पहिला प्रश्न.

सोमवारी ती स्वतः देवकीला घेऊन बडी बहनजींकडे गेली. पुढचं मला तिच्याकडूनच कळलं. बडी बहनजी हिशोबी बाई होत्या. शासनाचा कागद आल्याशिवाय खिडकीची काच बदलायच्या नाहीत. त्यांनी विचारलं, बाकीच्या बहनजींना हे सांगणार कोण, त्यांना अपमान वाटणार नाही का. आई म्हणाली, मी सांगते, माझंच पान वाचून दाखवते. आणि तिने स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, स्वतःचं पान वाचलं. आठ नंबराची ओळसुद्धा. मला वाटतं, त्या दिवशी जे झालं ते देवकीच्या घड्याळाने झालं नसतं. संशोधन वहीत होतं, वही चोख होती, पण कोणीतरी 'हे माझं पान' म्हणावं लागतं. बडी बहनजींनी कबूल केलं की याद्या परीक्षेपर्यंत थांबवायच्या, आणि तोवर प्रत्येक बहनजीने प्रश्न विचारून मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे, मगच तोंड उघडायचं. आणि प्रश्न सगळ्यांना.

मग शाळेत जी शांतता सुरू झाली तिची मजा काय सांगू. संस्कृतच्या बहनजींना गप्प बसवेना, त्या पाच आकडे होईतो घसाच खाकरायच्या. भूगोलाच्या बहनजी ओठ हलवून मोजायच्या, आणि आम्ही त्यांच्या ओठांबरोबर मोजायचो. आई प्रश्न विचारून खडू ठेवायची आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरायची, स्वतःलाच पकडून ठेवल्यासारखी. पहिल्या आठवड्यात तर सगळ्यांनाच घाम फुटला, कारण शांत वर्ग म्हणजे काहीतरी बिघडलं असंच आम्हा सर्वांना शिकवलेलं होतं. त्यातच शाळा तपासणीला साहेब आले. ते व्हरांड्यातून चालले तर या वर्गात चिडीचूप, त्या वर्गात चिडीचूप. त्यांनी बडी बहनजींना काळजीने विचारलं, "आज किसी की मृत्यु हुई है क्या?" बडी बहनजींनी, देव जाणे कशा, मनात पाच मोजले आणि म्हणाल्या, "नहीं साहब, लड़कियाँ सोच रही हैं." साहेब वर्गात येऊन बसले. आणि मागच्या बाकावरची, वर्षभर उठ-बस केलेली एक मुलगी उठून सावकाश बरोबर उत्तर देती झाली. साहेबांनी शेरा काय लिहिला ठाऊक नाही, पण चहाबरोबर दुसरा समोसा घेतला एवढं आम्ही खिडकीतून पाहिलं.

मला मात्र आईने अजून विचारलं नव्हतं. रोज वाटायचं आज विचारेल, आणि रोज तिची नजर माझ्यापाशी येऊन पुढे जायची. मग एका सकाळी, हात गारठले होते, तोंडातून वाफ निघत होती, आणि तिने विचारलं, "जाड़े में कुएँ का पानी गुनगुना क्यों लगता है?" आणि म्हणाली, "आठ नंबर." वर्गाने माना वळवल्या. मी उभी राहिले. डोक्यात आधी आमची विहीर आली, मग तिच्यातून निघणारी सकाळची वाफ, मग उन्हाळ्यात तेच पाणी किती गार लागतं ते, मग पाण्याला थंडी-उन्हाळा कळत असेल का हा भलताच विचार. पाच आकडे केव्हाच झाले असणार. पुढच्या बाकावरून कोणीतरी हात वर केला. आईने त्या हाताकडे पाहिलंही नाही. कोणीतरी फिस्सकन हसलं. आई तशीच, हात पाठीमागे, आणि आता मला दिसलं की ती माझ्याइतकीच घाबरलेली आहे. तिचा खालचा ओठ दातांत होता. मी म्हटलं, "बहनजी, पानी गरम नहीं होता. वो नीचे ज़मीन में रहता है, तो जैसा था वैसा ही रहता है. ठंडे हम हो जाते हैं. हमारा हाथ ठंडा, हवा ठंडी, इसलिए पानी गुनगुना लगता है. गर्मी में हम गरम, तो वही पानी ठंडा." आईने ओठ सोडला. "बैठो," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली, आणि पुढचा बराच वेळ तिने फळ्यावर काहीच लिहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी भाजी खुडायला बसले तर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिने चार शेंडे खुडले आणि म्हणाली, "मी तुले खोटं सांगितलं होतं." मी खुडतच राहिले. "लोक काय म्हणतीन म्हणून विचारत नव्हती असं नाही. ते आपलं तोंडानं म्हणायचं. मले वाटे तुले येणारच नाही. अन् तुले येत नाही हे मले चारचौघात माझ्या डोळ्यानं पाहवलं नसतं. म्हणून नाही विचारलं." मला राग यायला हवा होता. तो पुढे कधीतरी आला, कॉलेजात असताना, आणि थोडे दिवस राहून गेला. पण त्या संध्याकाळी मला फक्त हलकं वाटलं, अंगावरचं ओझं कोणीतरी उचलून खाली ठेवावं तसं. मी म्हटलं, "मलेपण तसंच वाटे." आई रडली. आईला रडताना मी फार वेळा पाहिलं नाही. रडतानासुद्धा ती घाईतच होती. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पाह्य बरं, ही काडी कशी राहिली भाजीत."

शाळेचा स्वर्ग झाला असं नाही. पुढच्या वर्षी बडी बहनजींची बदली झाली, भूगोलाच्या बहनजी पुन्हा पूर्वीच्या वेगाला लागल्या, आणि यादी वेगळ्या नावाने परत आलीच. देवकी दीदीचा प्रबंध पूर्ण झाला, विश्वविद्यालयाच्या कपाटात कुठेतरी असेल. पण माझ्या आईने पुन्हा कधी यादी केली नाही, आणि निवृत्त होईपर्यंत ती हात पाठीमागे धरून उभी राहत आली. पुढे पुष्कळ वर्षं मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथे घाई करून चालत नाही, त्यामुळे माझ्या स्वभावाला कोणी नावं ठेवली नाहीत. सूक्ष्मदर्शक तर मला इतका मिळाला की शेवटी डोळ्यांना चष्मा लागला.

पण त्या वर्षाचं एक सांगायचं राहिलं. परीक्षा झाल्यावर बडी बहनजींनी थांबवलेल्या याद्या रद्दच केल्या आणि ठरवलं की या खेपेला मुलींनाच विचारायचं, कोणाला काय घ्यायचं आहे ते. एकेकीला टेबलापाशी बोलावून, निवांत. आई रजिस्टर उघडून बसली. एकीने आपण होऊन शिलाई मागितली, आनंदाने मागितली, आणि पुढे पंडरीच्या कापडबाजाराजवळ तिचं दुकान झालं. काही मुली टेबलापाशी जाऊन गप्प उभ्या राहत आणि आई लेखणी हातात धरून वाट पाहत बसे. सहा झाली, सात झाली. मग, "आठ नंबर."

मी टेबलापाशी गेले. आईने चष्मा वर केला, माझं नाव रजिस्टरात बोटाने शोधलं आणि सुरुवात केली, "हाँ, तो अगले साल तुम्हें..."

"विज्ञान, बहनजी!"

आईने लेखणी खाली ठेवली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि भर वर्गात मराठीत म्हणाली, "अवं, मले विचारू तं दे आधी!"

अर्ध्या वर्गाला शब्द कळले नसतील, पण हसले सगळे, आणि सगळ्यांत जास्त आई हसली, टेबलाला धरून. मग तिने डोळे पुसले, तोच प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश विचारला, आणि मीही तेच उत्तर पुन्हा दिलं.